छाप्याचं अंगण

आमच्या घरी आलेल्या माणसाला पाणी विचारायच्या आधी "चप्पल फाटकाबाहेर काढली ना?" असं विचारायची पद्धत गेल्या उन्हाळ्यात सुरू झाली. पद्धत माझी नाही. मी अमडापुरात सून म्हणून आले तेव्हापासून या घरात माणसं पायात असेल ते घेऊन अंगणात येतात, बाजेवर बसतात, चहा पितात आणि जाताना बाजेखाली चार ढेकळं ठेवून जातात. ढेकळं मी झाडते. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती, आणि असती तर मी ती ज्याची त्याच्या तोंडावर केली असती. मी चिडकी आहे हे अख्ख्या आळीला ठाऊक आहे. चपलांची पद्धत काढली ती यांनी.

हे तहसील कचेरीत कारकून होते. नोकरीत असेपर्यंत माणूस गरीब गायीसारखा होता. सकाळी डबा न्यायचा, संध्याकाळी रिकामा आणायचा, मधे काय झालं ते विचारलं तर "काही नाही" म्हणायचं. निवृत्त झाल्यावर हातात मोबाईल आणि अंगात रिकामपण, दोन्ही एकदम आलं. दिवसभर बाजेवर पडून हे जगातली अंगणं बघायचे. कुठल्या देशात कुणी वाळूचं अंगण केलं, कुणी खड्यांचं केलं, कुणी काँक्रीटवर लाकडाची रेघ उमटवली, सगळं मला स्वयंपाकघरात येऊन दाखवायचे. मी पोळी उलटता उलटता "हो का" म्हणायची.

मग आम्ही लेकीकडे पुण्याला गेलो आणि माझं नशीब फिरलं. तिच्या इमारतीसमोरचा रस्ता दगडी होता, म्हणजे दिसायला दगडी. हे खाली बसले, बोटाच्या पेरानं ठोकून पाहिलं आणि मला म्हणाले, हा दगड नाही, काँक्रीट आहे, ओल्यावर छापा मारलेला आहे. जाताना सांगितलं, येताना सांगितलं, जेवताना जावयाला सांगितलं. जावई बिचारा त्याच रस्त्यानं रोज गाडी काढतो, त्याला काय सांगायचं! पण तो "अरे वा" म्हणाला. त्या "अरे वा"नं घात केला.

आमचं अंगण तेव्हा अर्धं फरशीचं आणि अर्धं मातीचं होतं. फरशीच्या सांध्यांतून हरळी उगवायची, मातीच्या भागावर मी सकाळी सडा टाकायची. कडेला कडुलिंबाचं झाड, मधे तुळस, लिंबाखाली बाज. त्या बाजेवर रोज सकाळी दोन भाऊ बसायचे. एक हे, आणि दुसरे यांचे थोरले भाऊ.

माझे हे थोरले दीर शेती करतात. घर मागच्या गल्लीत, शेत नाल्यापलीकडे, गोठा शेतात. पहाटे गोठ्यावर जायचं, धार काढायची आणि परतताना आमचं दूध घेऊन आमच्या बाजेवर टेकायचं, हा त्यांचा नेम. दोघं भाऊ बसले की जे बोलायचे ते मला पाठ आहे. "पाऊस?" "नाही." "भाव?" "पडला." "चहा?" "येऊ दे." एवढंच. मग दोघं चहा पीत नुसते बसायचे, एक फाटकाकडे बघत, एक तुळशीकडे. मला आधी वाटायचं, यांच्यात बोलण्यासारखं काही नाही. नंतर कळलं की त्यांचं बोलणं हेच आहे. दीर उठून गेले की यांचा दिवस सुरू व्हायचा.

तर पुण्याहून आल्यावर हे सरळ छाप्याच्या अंगणाच्या मागे लागले. अकोल्याकडचा एक ठेकेदार सापडला. आला तो मोबाईलमधे नमुने घेऊनच. विटांचा छापा, लाकडाचा छापा, फरशीचा छापा. यांनी निवडला ओबडधोबड दगडाचा. मी म्हटलं, अहो, बुलडाण्याच्या घाटात असले दगड रस्त्याच्या कडेला लोळत पडलेत, ते घरात सिमेंटचे बनवून घ्यायचे? ठेकेदार हसला आणि म्हणाला, काकू, तो दगड आणि हा दगड यात फरक आहे. मी विचारलं काय फरक आहे, तर म्हणाला, याला दहा वर्षं काही होत नाही. घाटातल्या दगडाला किती वर्षं काही झालं नाही ते मी बोलले नाही, कारण हे माझ्याकडे डोळे वटारून बघत होते.

काम भर उन्हाळ्यात झालं. जुनी फरशी उखडली, मुरूम दाबला, लोखंडाची जाळी टाकली, काँक्रीट ओतलं. ते जरा आवळून आलं की त्यावर रंगाची पूड उधळली, विटकरी. तिच्यावर दुसरी पूड, राखाडी, साचा चिकटू नये म्हणून. मग मोठाल्या रबरी चटया अंथरून ठेकेदाराची माणसं त्यांच्यावर चढली आणि पायांनी दाबू लागली. सरळ सांगायचं तर नाचू लागली. आळीतली सगळी पोरंबाळं भिंतीवर बसून बघत होती. चटई उचलली की खाली दगड उमटलेला. हे प्रत्येक दगडाला "वाहवा" म्हणत होते.

आणि त्याच वेळी वारं सुटलं. आमच्या शेजारणीनं गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या. राखाडी पूड उडाली ती थेट तिथं जाऊन बसली. शेजारीण खाली आली, आमच्या अंगणाकडे पाहिलं, हातातल्या कुरडईकडे पाहिलं आणि एक शब्द न बोलता परत गेली. मी चिडकी आहे, पण शेजारीण न बोलणारी आहे आणि ते जास्त वाईट. संध्याकाळी तिनं तो सगळा ढीग परातीत घालून आमच्याकडे आणून दिला. म्हणाली, तुमचा रंग आहे, तुम्हीच तळा.

अंगण झालं. खोटं कशाला बोलू, दिसायला झकास झालं. विटकरी दगड, सांध्यांत काळसर छटा, आणि वरून सीलर, म्हणजे पारदर्शक रोगणासारखं एक पाणी, त्याचा हात मारलेला. ऊन पडलं की सगळं अंगण नुकतंच धुतल्यासारखं चमकायचं. ठेकेदार जाताना सांगून गेला की तकाकी कमी झाली की सीलरचा हात मारत जा, पण कोरड्या हवेत, पावसाळ्यात नको. त्यातलं "हात मारत जा" एवढंच यांनी ऐकलं.

तिथून पुढे घरात नियम सुरू झाले. फडा वापरायचा नाही, ओरखडे पडतात, मऊ झाडू घ्यायचा. ॲसिड घरात आणायचं नाही. फटफटी फाटकाबाहेर लावायची, तेल गळतं. आल्यागेल्यानं चप्पल बाहेर काढायची, थोरल्या भावाला तेवढी सूट. तुळशीला हळदकुंकू वाहायचं ते ताटलीत, खाली सांडायचं नाही. सड्याचं तर नावच काढायचं नाही. रांगोळीला परवानगी होती, पण ठिपके खाचांत जायचे. सात ठिपके काढावे तर तीन दगडावर आणि चार खड्ड्यात. हे म्हणाले, बाजारात चिकटवायची रांगोळी मिळते. त्या दिवशी मी यांना जेवायला वाढलं, पण भाजीत मीठ घातलं नाही. यांनी ते गुपचूप खाल्लं.

लिंबोळ्यांचा मोसम आला तेव्हा तर कहर झाला. लिंबोळी पिकून पडली की डाग पडतो म्हणून यांनी माझं जुनं पातळ झाडाखाली चारी बाजूंनी बांधलं. माझ्या डोहाळजेवणाचं पातळ ते. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायचं आमच्याकडे काहीतरी कार्य आहे. एक बाई तर विचारून गेली, मांडव कशाचा हो? मी म्हटलं, लिंबोळ्यांच्या लग्नाचा.

हे सगळं मी हसण्यावारी नेत होते. घरात बसून माणसाला काहीतरी लागतं, दारू पीत नाहीत, पत्ते खेळत नाहीत, अंगण पुसतात, पुसू द्या. पण मग पेरणीचे दिवस आले.

आमच्याकडची काळी माती ज्यानं पाहिली नाही त्याला सांगून कळायचं नाही. ओली झाली की पायाला धरते आणि सोडत नाही. चपलेखाली थर बसतो, थरावर थर बसतो, आणि माणूस वीतभर उंच होऊन घरी येतो. असेच थोरले दीर एका सकाळी दुधाची किटली घेऊन फाटकातून आत आले. हे गुडघ्यावर बसून स्पंजनं कोपरा पुसत होते. मागं वळून पाहिलं तर फाटकापासून बाजेपर्यंत विटकरी दगडांवर काळी पावलं. यांनी आवाज अगदी मऊ ठेवला, ते मी ऐकलं. म्हणाले, "दादा, तेवढी चप्पल बाहेर काढली तं बरं होईन."

दिरांनी आधी आपल्या पायांकडे पाहिलं, मग अंगणाकडे. किटली बाजेवर ठेवली, फाटकापाशी परत गेले, चपला बाहेर काढल्या आणि अनवाणी आले. पण मातीचा माणूस अनवाणी आला तरी माती येतेच. यांच्या हातातला स्पंज नकळत त्या पावलांकडे वळला. दिरांनी ते पाहिलं. चहा झाला, उठले, गेले.

दुसऱ्या दिवशी किटली फाटकाच्या कडीला अडकवलेली मिळाली. बाहेरून "दूध घ्या हो" एवढा आवाज आला, आणि मी पदर सावरत जाईपर्यंत दीर गल्लीच्या टोकाला पोचले होते. तिसऱ्या दिवशी तसंच. हे म्हणाले, त्याले पेरणीची घाई असन. पेरणी झाली, डवरणी झाली, फवारणी झाली, घाई काही संपेना. बाजेवर हे एकटेच बसू लागले. चहा पिताना फाटकाकडे बघायचे. मी समोर बसून विचारलं, पाऊस? तर म्हणाले, तू काऊन विचारून राह्यली? तुले काय करायचं पावसाचं? मी कप उचलून आत गेले. मला वाईट वाटलं होतं, पण मला वाईट वाटलं की मी भांडी जोरात घासते, त्यामुळे यांना वाटलं मी चिडलेय. चिडले तर होतेच. मी सांगितलं, जा आणि भावाला बोलावून आणा. हे म्हणाले, मी काही बोललो का त्याले? नुसती चप्पल काढायले सांगितली. आणि स्पंज घेऊन पुन्हा कोपऱ्यात बसले. जेवढा भाऊ यायचा बंद झाला तेवढं अंगण जास्त घासलं जाऊ लागलं.

आणि मग पोळा जवळ आला.

पोळा फुटला, म्हणजे वेशीवर जमलेल्या जोड्या सुटल्या, की दिरांची बैलजोडी आधी आमच्या अंगणात येते, मग त्यांच्या स्वतःच्या घरी जाते. ही पद्धत सासूबाईंच्या वेळची. का, ते कुणाला माहीत नाही. सासूबाईंनी घातली आणि चालू राहिली. बैल तुळशीपाशी उभे राहतात, मी त्यांचे पाय धुते, कुंकू लावते, ओवाळते, पुरणपोळी खाऊ घालते. यंदा जोडी येणार की नाही, हा प्रश्न आमच्या घरात कुणी उघड विचारला नाही, पण महिनाभर तोच प्रश्न ताटावर बसलेला असायचा. जोडी आली नाही तर दोन भावांचं बिनसलं हे गावाला कळणार. आणि गावाला कळलं की ते खरं होतं. तोवर निदान "घाई आहे" असं म्हणता येत होतं.

मी एकदा विचारलंच. हे म्हणाले, आणीनच ना दादा, काऊन नाही आणणार? पण म्हणताना माझ्याकडे बघितलं नाही. आणि दोन दिवसांनी बघते तर सीलरचा डबा उघडलेला. मी म्हटलं, पावसाळ्यात मारायचं नाही असं तो माणूस सांगून गेला होता ना? तर म्हणाले, पोळ्याला सारा गाव दारात येईन, अंगण कसं दिसलं पाहिजे! मला तेव्हा जरा कळलं की हा माणूस भावासाठीच चमकवतोय. येणाऱ्याची वाट बघत असलं की काही माणसं दारात उभी राहतात, आमचे हे दार पुसतात. काय करणार!

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी असते. वर्षभर जू वाहिलेले बैलांचे खांदे लोणी-हळदीनं मळायचे आणि त्यांच्या कानात सांगायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायले या. दरवर्षी हे गोठ्यावर जातात, यंदाही गेले. आल्यावर मी विचारलं, भाऊजी काही बोलले का? म्हणाले, बैलाले आवतण दिलं. मी म्हटलं, बैलाचं नाही विचारत, भाऊजींचं विचारते. म्हणाले, तो "हाव" म्हणाला. भाऊजी नेमकं कशाला "हो" म्हणाले, ते यांना सांगता येईना.

पोळ्याच्या दिवशी दुपारी एक सर येऊन गेली आणि मग ऊन पडलं. अंगण असं चमकत होतं की बघणाऱ्याचे डोळे दिपावेत. हे नवं धोतर नेसून फाटकाशी उभे. मी पुरण वाटून, ताट तयार करून दारात. वेशीकडून ढोलाचा आवाज येत होता. पोळा फुटला तशी गल्लीतून बैलांची रीघ लागली, एक जोडी गेली, दुसरी गेली. यांचा चेहरा बघवत नव्हता. मग घुंगरांचा ओळखीचा आवाज आला आणि गल्लीच्या वळणावर आमची जोडी दिसली. एक पांढरा, एक तांबडा, शिंगांना बेगड, कपाळाला बाशिंग, पाठीवर झूल, आणि दोघांच्या मधे कासरा धरून थोरले दीर. माझ्या जिवात जीव आला.

जोडी फाटकाशी आली आणि थांबली.

पांढऱ्यानं मान खाली घातली, अंगणाकडे पाहिलं आणि नाकातून एक फुत्कार सोडला. दिरांनी "हो, हो" करून पुढे घेतलं. त्यानं एक पाय आत टाकला. पाय सर्रकन घसरला. त्यानं तो मागे घेतला आणि जो रोवला तो रोवला. तांबड्यानं तर प्रयत्नच केला नाही, तो दुसरीकडे बघत उभा राहिला, जणू या घराशी त्याची ओळखच नाही. मागे माणसं जमली. पोळ्याच्या दिवशी गावात सल्ल्याची कमी नसते. कुणी म्हणालं शेपूट पिरगाळा, कुणी म्हणालं झूल डोळ्यावर घ्या. एक म्हातारा म्हणाला, बैलाले वाटून राह्यलं का हा डोह आहे, अन् चुकलं काय त्याचं?

हे पुढे झाले. म्हणाले, घसरत नाही, यात बारीक रेतीचा दाणा टाकेल आहे, पहा मी चालून दाखवतो. आणि नव्या धोतरात चार पावलं टाकून पाचव्याला हे आडवे. पाय वर, टोपी तुळशीपाशी. आधी मी हसले. नवऱ्याला लागलं की नाही ते बघायच्या आधी हसले, आणि मग सगळा घोळका हसला.

दीर हसले नाहीत. ते कासरा धरून फाटकाच्या उंबऱ्याबाहेर उभे होते. खाली बघत यांना म्हणाले, "राहू दे. रस्त्यावरच ओवाळायले सांग तिले. आमचं जनावर अडाणी, त्याले डिझाईन समजत नाही."

हे खाली बसलेलेच होते. उठायचं विसरले. दीर जनावराबद्दल बोलत नव्हते हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

मी थोरल्या दिरांसमोर कधी मोठ्यानं बोलत नाही. त्या दिवशी बोलले, पण यांच्याकडे बघून बोलले. म्हटलं, "काल तुम्हीच जाऊन आवतण देऊन आले ना? आवतणाच्या पाहुण्याले या घरानं कधी रस्त्यावर जेवू घातलं नाही. आज घालायचं असन तं ताट तुम्ही धरा. मी नाही धरत."

हे कंबर धरत उठले आणि घराला वळसा घालून मागे गेले. मला वाटलं, लाजेनं लपले. तर मागच्या टिनाच्या शेडमधून पोतं ओढत आले. कुटाराचं पोतं, म्हणजे सोयाबीनच्या भुशाचं. दिरांच्या गोठ्यात जागा पुरत नाही म्हणून काही पोती आमच्याकडे ठेवलेली असतात आणि भुसा उडतो म्हणून यांची उन्हाळ्यापासून त्यावर कुरकुर होती. यांनी पोत्याचं तोंड सोडलं आणि कुटार आपल्या विटकरी दगडांवर उधळलं. फाटकापासून तुळशीपर्यंत. एक पोतं पुरलं नाही, दुसरं आणलं. खोऱ्यानं रस्त्याकडेचा मुरूम ओढून त्यावर टाकला. धोतर गेलं, सदरा गेला, मिशीत कुटार. ज्या माणसानं मला फडा लावू दिला नाही, तो त्याच अंगणात खोरं घासत होता. करकर आवाज येत होता आणि तो आवाज माझ्या कानाला इतका गोड लागला की काय सांगू.

पांढऱ्यानं पुन्हा मान खाली घातली. वास घेतला. मग जीभ काढून एक घास घेतला. मग एक पाय आत टाकून दुसरा घास घेतला. असा तो बैल आमचं अंगण खात खात आत आला, आणि तांबडा, त्याच्या वाटणीचं संपेल या भीतीनं, त्याच्या मागे. तुळशीपाशी दोघं उभे राहिले. मी पाय धुतले, कुंकू लावलं, ओवाळलं. पुरणपोळी पांढऱ्यानं दोन घासांत संपवली. आणि मग, जेवण झालेल्या पाहुण्यानं करायचं नसतं ते त्यानं केलं. अंगणातला सगळ्यात देखणा दगड निवडून, भरभक्कम. सगळा घोळका यांच्या तोंडाकडे बघू लागला. हे म्हणाले, बरं झालं, उद्याचा सडा झाला.

पण माझं लक्ष दुसरीकडे होतं. दीर बैलांबरोबर आत आले होते ते अनवाणी. सणाच्या चपला फाटकाबाहेर काढून ठेवल्या होत्या, एकीला एक लावून, मातीसकट. कुटार, मुरूम, शेण सगळं अंगणात आलं होतं आणि यजमानाचा भाऊ मात्र चपला बाहेर काढून उभा होता.

यांनीही ते पाहिलं. हे फाटकाबाहेर गेले, वाकले आणि त्या चपला हातात घेऊन आले. मोठ्या भावाच्या पायाशी ठेवल्या.

"घाल, दादा," म्हणाले. "बैल नालासकट आत आले, अन् तू काऊन अनवाणी?"

दिरांनी चपलांकडे पाहिलं. मग म्हणाले, "चिखल आहे बे त्याले."

"दिसून राह्यला मले."

दिरांनी चपला घातल्या. कासरा तुळशीच्या कट्ट्याला अडकवला आणि कुटार तुडवत जाऊन बाजेवर बसले. हे शेजारी बसले. मला हुंदका आला, म्हणून मी माणसांवर ओरडले की बघता काय, आपापली जनावरं घरी न्या. मग मागून ऐकू आलं.

"चहा?"

"येऊ दे."

दुसऱ्या दिवशी कुटार झाडायला गेले तर निघेना. पावसाळी हवेत मारलेलं सीलर खाचांमधे साचून राहिलं होतं, ते वाळलंच नव्हतं, आणि बैलांनी तुडवलेलं कुटार त्यात पक्कं बसलं होतं. यांनी ठेकेदाराला फोटो पाठवला. त्याचा उलट फोन आला, हे फिनिश कुणाकडून करून घेतलं म्हणून. हे म्हणाले, गावातच केलं. आता कुणी विचारलं की हेच सांगतात, बैलसुद्धा घसरत नाही असं छातीवर हात ठेवून सांगतात. माझं पातळ मी झाडावरून सोडून घेतलं. रांगोळी कुटारावर मस्त बसते.

दूध आता बाजेपर्यंत येतं. परवा सकाळी दोघांचा चहा झाला, दीर उठून गेले, आणि मी बाजेखाली पाहिलं तर चार ढेकळं. फडा घेऊन आले तर हे म्हणाले, तू राहू दे, मी झाडतो.

अजून झाडलेली नाहीत. मीही आठवण केलेली नाही.